हात न लावायचे पैसे

मास्तरच्या तोंडावर पहिला गमबूट बसला तेव्हा तो पैशांबद्दलच बोलत होता. बाजार पडलाय, आत्ता काढले तर मातीमोल जातील, थोडं थांबा, एवढंच सांगत होता बिचारा. वाक्य पुरं व्हायच्या आत ओठ फाटला.

गमबूट उंटाच्या, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या, हातात होता. पायात चढवायला नुकताच घेतलेला, तळव्याला कालची चरबी तशीच चिकटलेली. कपडे बदलायच्या खोलीत सात-आठ जण होते, कुणी बनियनवर, कुणाचा एकच पाय पँटमध्ये. दार कुणी लावलं ते कळलं नाही. मग सगळ्यांनीच हात धुऊन घेतले.

मास्तर लोखंडी बाकाखाली सरकला तर तिथे लाथा. बरगडीत, मांडीवर, पाठीत. त्याने उजवा हात पोटाखाली दाबून धरला. डोकं फुटलं तर टाके पडतात, बरगडी आपली आपण सांधते, पण उजवा हात गेला तर खायचं काय? तरी एकाची टाच मनगटावर आलीच. दुखलं नाही फारसं. तेच वाईट होतं, पण ते पुढे सांगतो.

"रक्कम आम्हाला तोंडपाठ आहे, मास्तर," उंट वरून म्हणाला. त्याला धाप लागली होती. "तूच दाखवलीस."

आणि हे अगदी खरं होतं.

हा मास्तर काही शाळेतला नाही. मांसाच्या कारखान्यात हाडं सोडवायचा. छताला रूळ, रुळाला हुक, हुकाला धडं, आणि ती धडं एकामागून एक टेबलाशी येतात. टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं. एकाने मांडी ओढून ताणून धरायची, दुसऱ्याने सांध्यात सुरी घालून हाड मोकळं करायचं. धरणाऱ्याच्या हातात लोखंडी जाळीचा मोजा असतो, पण तो मनगटापर्यंतच. त्याच्यावर उघडी कातडी. म्हणजे सुरीवाला शुद्धीवर आहे आणि आपल्यावर चिडलेला नाही, एवढ्या भरवशावर धरणारा उभा असतो. दिवसभर एकाच मनगटाला हे झेपत नाही म्हणून जेवणानंतर अदलाबदल. सकाळी ज्याने धरलं, त्याच्याकडे दुपारी सुरी.

मास्तरचा जोडीदार उंट. मान लांब, चाल संथ, आणि राग आला की उंटासारखाच महिनोन्‌महिने मनात धरून ठेवायचा. मास्तर पोरगेला होता तेव्हा सुरी कशी धरायची ते त्यानेच शिकवलं. एकमेकांच्या हाताशी पातं खेळवत दोघांनी उमेदीची वर्षं काढली, कुणाला साधं खरचटलं नव्हतं.

या कामात एक ठरलेलं असतं. पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे बोटं वळतात ती सरळ होत नाहीत. मग मुकादम सुरी काढून घेतो आणि हातात पाण्याचा पाइप देतो. फरशीवरचं रक्त धुवा, नाल्या मोकळ्या करा, पगार निम्मा. मास्तरचा बाप तसाच गेला. शेवटी शेवटी आई त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. बापाने पै-पै वाचवून बँकेत टाकली होती. ती बँकेत पडून राहिली, दोन-तीन टक्क्यांवर, आणि बाहेर भाव दुप्पट तिप्पट होत गेले. हात गेला तेव्हा जन्मभराच्या त्या पैशांत वर्षभराचं घरभाडंसुद्धा निघेना.

ते बघून मास्तरने कानाला खडा लावला. मोबाईलवर बघून बघून स्वतःच शिकला. सगळ्या मोठ्या कंपन्यांचे थोडे थोडे शेअर ज्यात असतात तसला एक साधा फंड धरला, आणि दर पगाराला त्यात हप्ता. वीस वर्षं हात लावायचा नाही. हात जाईल त्या दिवसासाठी ते पैसे. बायकोलाही त्याने तसंच समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे हे आपल्या हाताच्या म्हातारपणाचे." तो म्हणाला, बरोबर.

तिथवर ठीक होतं. पण माणसाला कळलेलं पोटात राहत नाही. चहाच्या सुट्टीत हा सगळ्यांना शिकवायला बसायचा. पैसा पैशाला कसा जन्म देतो, घाई केली की कसं नुकसान, वगैरे. म्हणून नाव पडलं मास्तर. उंट म्हणायचा, वीस वर्षांनी श्रीमंत होणार म्हणे, तेव्हा दात तरी असतील का रे चावायला? सगळे हसायचे. मास्तर पण हसायचा.

मग दाजी आला मैदानात.

दाजी म्हणजे मास्तरच्या ताईचा नवरा. कारखान्याचा माल थंड गाडीतून पोचवायचा, गाडी स्वतःची. तोंडाने गोड. त्याने एक योजना आणली. माल ठेवायचे थंड कंटेनर विकत घ्यायचे, ते भाड्याने जातात, आणि गुंतवणाऱ्याला महिन्याला दहा टक्के. कंपनीचा साहेब म्हणे सूटमध्ये हिंडतो. पहिल्या दोघांना महिना भरल्यावर खरंच पैसे मिळाले. झालं, मग रांग लागली. कुणी बायकोचे दागिने मोडले, कुणी कर्ज काढलं. उंटाने पोरीच्या शिक्षणाचे सगळे टाकले.

मास्तर जिवाच्या आकांताने सांगत होता की महिन्याला दहा टक्के जगात कुणी देत नाही. कुणी ऐकेना. तू मेव्हण्यावर जळतोस, म्हणाले. तुझ्याकडे आहे काय दाखवायला? तेव्हा मास्तरला जिरवाजिरवीची खाज सुटली आणि त्याने मोबाईल उघडून टेबलावर ठेवला. हे बघा, एवढे टाकले, एवढे झाले. कसलीही जादू नाही. सगळ्यांनी वाकून वाकून बघितलं. रक्कम बघून एकाने शिट्टी मारली. कुणाचं मन बदललं नाही, पण रक्कम मात्र प्रत्येकाच्या डोक्यात जाऊन बसली.

पुढचं सांगायला नकोच. सूटवाला साहेब गायब, कंटेनर कधी नव्हतेच, आणि दाजीला माणसामागे कमिशन मिळत होतं हेही बाहेर आलं.

दाजी माल भरायला आला त्या सकाळी त्यांनी त्याला धक्क्यावरच गाठलं. आधी गाडीच्या दारात त्याची बोटं चेपली. मग पोटात गुडघे. तो ओरडत होता की मीही फसलो, माझेही गेले. एकाने त्याच्या जाड जॅकेटची कॉलर मागून धरली, दुसऱ्याने पाय उचलले आणि कॉलर हुकात अडकवून दिली. रूळ चालू होता. दाजी लोंबकळत, पाय झाडत, दोन धडांच्या मध्ये शीतगृहात निघाला. आतून थंड वाफ बाहेर येत होती. सगळे बघत उभे होते आणि एकही जण हसत नव्हता, म्हणून ते जास्त भीतीदायक.

मास्तर धावला. लाल बटण दाबून रूळ थांबवला, दाजीला खाली घेतलं. नाकाचं हाड मोडलं होतं, दोन बोटं लाकडाच्या अर्धवट सुटलेल्या ढलपीसारखी लोंबत होती. त्याला सोडवलं म्हणून उंटाने मास्तरच्या कानफटात ठेवून दिली. ती त्या मानाने प्रेमाचीच.

ताई घरी आली. दारातच खाली बसली. म्हणाली, बाबू, त्यांना ते जिवंत सोडणार नाहीत, तू तुझे काढ, मी भांडी घासून फेडीन. लहानपणी ताई मास्तरला कडेवर घेऊन हिंडलेली. पण त्याचवेळी नेमका बाजारही कोसळलेला, रक्कम बरीच खाली आलेली, आणि सगळं काढून वाटलं तरी माणशी कितीसं येणार होतं? आणि मग त्याच्या हाताचं काय? तो म्हणाला, ताई, गाडी विक. ताईने त्याच्याकडे असं बघितलं की तो तिच्या नजरेतून कायमचा उतरला.

तर या सगळ्यानंतरची ही कपडे बदलायची खोली, आणि हा गमबूट.

मुकादमने दार ठोठावलं तेव्हा मार थांबला. मास्तर उठला. ओठावर कागद चिकटवला, पांढरा डगला चढवला, टेबलाशी उभा राहिला. मुकादमने विचारलं काय झालं, मास्तर म्हणाला पाय घसरला. मुकादमला जेवढं कळायचं तेवढं कळलं, पण धडं यायला लागली होती आणि रूळ कुणासाठी थांबत नाही.

सकाळी सुरी उंटाकडे होती. मास्तरने धरायचं. उंटाने पहिल्या सांध्यात सुरी घातली ती मास्तरच्या मनगटाजवळून इतकी लगटून गेली की हातावरचे केस कापले गेले. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला तेच. कातडीला स्पर्श नाही. उंट त्याच्याकडे बघतही नव्हता. मास्तरने हात काढला तर मांडी सुटणार, सुटली तर सुरी कुठेही जाणार. म्हणून धरून उभा. जेवणाची घंटा होईपर्यंत त्याचा डगला पाठीला चिकटला होता.

जेवताना उंट सगळ्यांसमोर बोलला. आवाज अजिबात चढवला नाही.

"आज घरी जा, काय बटणं दाबायची ती दाब. नाही दाबलीस तर उद्या सकाळची सुरी माझ्याकडेच आहे."

कुणी घास थांबवला नाही. मास्तरने डबा बंद केला.

"हात तोडलास तर मला ते पैसे जास्तच लागतील," तो म्हणाला. "मग तर मरेपर्यंत देणार नाही."

एक जण खोकला. हिशोब बरोबर होता, हे उंटालाही पटलं.

"मग तुझे पैसे तुला," उंट म्हणाला, "आणि तुझा हात मला. माझ्या पोरीच्या नावाने."

दुपारी अदलाबदल. आता सुरी मास्तरकडे.

आता ते मनगटाचं. गेलं वर्षभर मास्तरच्या उजव्या हाताची तीन बोटं अधूनमधून झोपी जायची. आधी मुंग्या, मग काहीच नाही. कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही, उंटालाही नाही. सांगितलं की सुरी गेली. पंचेचाळिशीला अजून दहा वर्षं होती आणि फंडात त्या दहा वर्षांचे हप्ते जायचे होते, त्याच दहा वर्षांत तर रक्कम खरी वाढणार होती. म्हणून तो बोटं गेली की डाव्या हाताने मूठ आवळून घ्यायचा, पाणी प्यायचं निमित्त काढून हात झटकायचा आणि परत उभा राहायचा. जमत होतं. पण आज त्या मनगटावर टाच पडली होती.

पहिली काही धडं गेली. उंटाने मांडी ताणून धरली होती, जबडा आवळलेला. दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती. उंटाच्या हाताची उघडी शीर मास्तरला समोर दिसत होती. सकाळभर या माणसालाही माझी शीर अशीच दिसत होती, असं त्याच्या मनात आलं. वाईट विचार आला नाही असं नाही. आला. घालावी आत्ताच, उद्याची सकाळच नको. आला आणि गेला. तो सांध्याकडे बघत राहिला.

पुढच्या मांडीत सुरी घातली. सांधा घट्ट होता. जोर लावला आणि जोर लावता लावता बोटं गेली. नुसत्या मुंग्या नाहीत, एकदम गेलीच, जणू दुसऱ्याची. मूठ उघडली. सुरी हाडावर फिरली, मागचा सगळा जोर घेऊन बाहेर निसटली आणि उंटाच्या हातात, जाळीच्या चार बोटं वर, आडवी घुसून हाडाला लागली.

उंट ओरडला नाही. हाताकडे बघत राहिला. कातडी दोन ओठांसारखी उघडली, आत पांढऱ्या दोऱ्या दिसल्या, कापलेल्या, आणि मग रक्ताची चिळकांडी उडून मास्तरच्या डोळ्यांत गेली. मांडी हुकावर गरगर फिरायला लागली. उंट गुडघ्यावर आला. मास्तरने टेबल ओलांडून उडी मारली, स्वतःचा पट्टा काढून त्याच्या दंडाला आवळायला गेला, पण उजव्या हाताला पट्टा धरवेना. दातांनी ओढला. तोंडात उंटाचं रक्त जात होतं, गरम, खारट. कुणीतरी मास्तरला मागून खेचून भिंतीवर आपटलं. पाठोपाठ दुसरा आला, त्याने लोखंडी मोजा घालूनच मारला. भुवई फाटली. तिसरा धावत आला, मास्तरच्या रक्ताळलेल्या तोंडाकडे बघून जागीच थांबला आणि दोन पावलं मागे सरला.

त्यानंतर त्याला कुणी हात लावला नाही. रूळ थांबला होता. इतकी शांतता त्या हॉलमध्ये कधी नव्हती. मास्तरला तेव्हा कळलं की सगळ्यांना काय वाटतंय.

दवाखान्यात उंटाच्या हाताच्या दोऱ्या जोडल्या, पण डॉक्टरांनी सांगितलं की सुरी विसरा. मास्तर भेटायला गेला तेव्हा त्याच्या स्वतःच्या भुवईला टाके होते. उंटाची बायको त्याला बघून उठून बाहेर गेली. पोरगी कोपऱ्यात पुस्तक धरून बसली होती, पान उलटत नव्हती.

"उद्यापर्यंत थांबला नाहीस," उंट म्हणाला.

मास्तरने तोंड उघडलं. उंटाने चांगला हात वर करून त्याला गप्प केलं.

"मी घातली असती की नसती, मला माहीत नाही. रात्रभर हाच विचार करतोय. पण तुला मी शिकवलंय. तुझा हात घसरत नाही. तर आता एक काम कर. ऑफिसात जाऊन सांग की घसरला. अपघात असेल तर कारखाना भरपाई देतो. मुद्दाम असेल तर पोलीस, आणि मला दमडी नाही. खोटं बोल. एवढं तर देणं लागतोस माझं."

मास्तरला सांगता आलं असतं. अरे, खरंच घसरला, बोटं मेलीत माझी, वर्ष झालं. पण मग तेच सात-आठ जण परत त्या खोलीत दार लावतील. आत्ता ते घाबरलेत. पैशांकडे कुणी बघत नाही ते या भीतीमुळे. आणि दुसरं म्हणजे, उंटाला ते हवंच नव्हतं. मास्तरने मुद्दाम केलं हे त्याला झेपत होतं. दोघांनी एकमेकांवर डाव टाकला, एक हरला. नुसत्या बधिर बोटांनी आपला हात गेला हे त्याला झेपलं नसतं.

"सांगतो," मास्तर म्हणाला.

ऑफिसात मुकादम, एक बाई साहेब आणि कारखान्याचा डॉक्टर बसले होते. बाईंनी विचारलं, अपघात कशाने? मास्तरने खरं सांगितलं. पहिल्या मुंग्यांपासून सगळं. उंट ज्याला खोटं म्हणत होता ते शब्दन्‌शब्द खरं होतं आणि हे त्या खोलीत फक्त त्यालाच माहीत होतं. मुकादमने हळूच मान फिरवली. त्याने तर मनात दुसरंच धरलं होतं.

डॉक्टरने त्याच्या बोटांच्या टोकांना सुई टोचली. विचारलं, कळतंय का? मास्तर दुसरीकडे बघत होता. म्हणाला, टोचली का?

उंटाची भरपाई मंजूर झाली. मास्तरची सुरी त्याच दुपारी जमा झाली. बाहेर सगळ्यांनी ती शिक्षाच समजली.

दाजीची गाडी ताईने विकली. त्यातून बाकीच्यांच्या वाट्याला जे आलं ते आलं, पण शिव्या देत का होईना, घेतलं. ताई भावाशी बोलायची बंद झाली ती झालीच.

घरी बायकोने त्याच्यापुढे ताट ठेवलं. तो डाव्या हाताने खायला लागला, अर्धं सांडत. तिने ओढून घेतलं नाही, भरवलंही नाही. बघत बसली. मग म्हणाली, "अहो, हाताच्या म्हातारपणाचे ना ते? हात तर गेला."

"हो," तो म्हणाला. "पण लवकर गेला."

"मग काढायचे का?"

त्याने मोबाईल तिच्यापुढे सरकवला. रक्कम अजून खालीच होती, वर्षभरापूर्वीपेक्षा बरीच. आत्ता काढले तर दोन-तीन वर्षं बसून खाता येईल आणि मग काहीच नाही. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. मग स्क्रीन बंद केली.

"पॅकिंगला बायका घेतात ना तुमच्याकडे?" तिने विचारलं. "मुकादमला विचारा उद्या. हप्ता थोडा कमी करा, पण बंद नका करू."

मास्तर म्हणाला की तिथली माणसं तुझ्याशी बोलणार नाहीत. माझ्यामुळे.

"बोलायला कुठे जातेय," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात त्याने पाण्याचा पाइप डाव्या काखेत दाबून धरला आणि टेबलांच्या ओळीतून चालत गेला. रक्त फेसाळत नालीकडे पळत होतं. तो जवळ आला की सुरी घेतलेली माणसं काम थांबवून पाय उचलत होती, लवकर लवकर, आणि तो पुढे जाईपर्यंत त्याच्या हातांवरची नजर काढत नव्हती. उंटाच्या जागेवर नवा माणूस उभा होता. त्याला कुणीतरी आधीच सगळं सांगितलेलं दिसत होतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. मास्तरने त्याच्या पायाखालची फरशी स्वच्छ होईपर्यंत धुतली आणि पुढच्या टेबलाकडे गेला.